तीन पेडांचा दोर

खानदेशात पावसाळा लागला, कपाशीच्या शेतात निंदणीची घाई सुरू झाली, की साप चावल्याच्या बातम्याही येऊ लागतात. जळगाव असो की धुळे, अशा रुग्णाला सिव्हिलमध्ये जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्या रक्तातून आलेले असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा टोचतात. मग त्याचे शरीर त्या विषाला ओळखणारे आणि जखडून ठेवणारे प्रथिन तयार करते. शास्त्राच्या मराठीत त्याला प्रतिपिंड म्हणतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने याच रीतीने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर औषध बनवले. घोणस चावली तर मूत्रपिंडे बंद पडू शकतात. म्हणजे मूत्रपिंडाशी प्रतिपिंडाचे नाते आपल्या शेताच्या बांधापर्यंत आलेले आहे.

मी बी. ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. ‘मूत्रपिंड’ आणि ‘प्रतिपिंड’ या शब्दांतल्या सारखेपणामुळेच मी या विषयाकडे ओढला गेलो. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की ज्या प्रतिपिंडांनी आधी प्राण वाचवले, त्यांच्याकडून माणसाने नंतर डोळ्यांचे कामही करून घेतले. ही गोष्ट त्या डोळ्यांची आहे.

1890 साली बर्लिनमध्ये जर्मनीचा एमिल फॉन बेहरिंग आणि जपानचा शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा उतारा तयार होतो. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे प्रतिपिंडांचा मुख्य उपयोग औषध म्हणून आणि परीक्षानळीतल्या तपासणीसाठी होत राहिला. 1939 च्या उन्हाळ्यात अल्बर्ट कून्स हा तरुण अमेरिकन डॉक्टर त्याच बर्लिनमध्ये फिरत असताना त्याला वेगळी कल्पना सुचली. प्रतिपिंड आपले सावज अचूक शोधतेच. मग त्याच्या पाठीवर चमकणारा रंग बांधून दिला तर? सावज कुठे दडले आहे ते आपल्यालाही दिसेल. हार्वर्डला परतल्यावर त्याने सहकाऱ्यांसह हे करून पाहिले. पहिला रंग निळा चमकणारा होता. पण शरीरातील ऊतींची स्वतःचीही निळसर चमक असते, त्यामुळे खरे-खोटे कळेना. मग त्यांनी फ्लुओरेसिन हा हिरवा चमकणारा रंग घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी खूण उमटली.

ही युक्ती किडनीच्या फार उपयोगी पडली. आपल्या प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे ते गुच्छ. त्यांच्या भिंतीत एक पातळ पदर असतो आणि त्याचा मुख्य ताणाबाणा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. कोलॅजेनची घडण उलगडण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954-55 मध्ये दाखवले, की त्याचे तीन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात. त्यांनी अभ्यासलेला एक नमुना कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचा होता. आपल्याकडे ज्याने अंबाडीचा दोर वळताना पाहिला असेल त्याला हे लगेच कळेल. तीन पेड असले तरच दोर नीट वळतो. एक पेडच नसेल तर दोर होणार कसा?

किडनीच्या गाळणीत हेच घडल्याचे एका जुन्या आजारात दिसले. 1927 साली लंडनमध्ये आर्थर सेसिल अल्पोर्ट या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत लिहिली. त्या घरातल्या अनेकांच्या लघवीतून रक्त जाई आणि पुष्कळांना ऐकू येईनासे होई. पुरुष बहुधा लवकर दगावत, स्त्रिया मात्र म्हातारपणापर्यंत जगत. असे का, याचे उत्तर मिळायला साठाहून अधिक वर्षे गेली. 1990 साली दोष सापडला तो एक्स गुणसूत्रावरच्या, कोलॅजेनचा एक पेड घडवणाऱ्या जनुकात. मग त्याच पेडाला ओळखणारी प्रतिपिंडे वापरून किडनीचा तुकडा तपासता येऊ लागला. निरोगी किडनीत गाळणीची भिंत हिरवी उजळते. अल्पोर्टच्या बहुतेक पुरुष रुग्णांत तिथे अंधार असतो. काहींमध्ये सदोष पेडही उजळतो, म्हणून आता जनुकीय तपासणीची जोड देतात. हा पेड कातडीतही असल्याने कित्येकदा कातडीचा छोटासा तुकडाही पुरतो.

आणि आई? तिच्याकडे दोन एक्स गुणसूत्रे असतात, एक चांगले आणि एक सदोष. प्रत्येक पेशीत त्यांतले एकच काम करते. म्हणून तिच्या गाळणीत हिरवा धागा मध्येच तुटतो आणि पुन्हा सुरू होतो. विरलेल्या लुगड्यासारखे हे चित्र असते.

इथे प्रश्न आपल्या घरात येतो. मुलाची किडनी निकामी झाली की आई म्हणा, अम्मी म्हणा, आमची खानदेशी माय म्हणा, तीच आधी पुढे होते: ‘माझी घ्या.’ पण तिच्याच गाळण्या अर्ध्या विरलेल्या असतील, तर उरलेल्या एका किडनीवर ती किती वर्षे काढणार? म्हणून अशा घरात आईच्या लघवीची, रक्तदाबाची आणि जनुकांची तपासणी आधी व्हायला हवी. मुलाच्या लघवीत वारंवार रक्त सापडत असेल आणि त्याला कमी ऐकू येत असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना सांगाव्यात. निदान लवकर झाले, तर रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी किडनी निकामी होण्याचा काळ लांबवता येतो.

अडचण अंतराचीही आहे. जिथे ही तपासणी होत नाही तिथून किडनीचा तुकडा मोठ्या शहरात पाठवावा लागतो, आणि जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. नेहमीच्या फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातली प्रथिने एकमेकांत अडकतात आणि प्रतिपिंडाला आपली खूण सापडत नाही. म्हणून एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा मिशेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रावात, अशा दोन बाटल्या लागतात. या द्रावात तुकडा काही दिवस टिकतो. 1991 साली फॉर्मेलिनमधला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये उकळून पुसलेली खूण परत मिळवण्याची रीत निघाली; तरी दुसऱ्या बाटलीचे महत्त्व संपलेले नाही.

शेवटी एका शब्दाबद्दल बोलतो, कारण शब्द हा माझा विषय आहे. डॉक्टर जनुकातला ‘दोष’ म्हणतात. घरी तो शब्द पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलतो आणि सुनेच्या माथी येऊन बसतो. खरे तर तो पेड तिने निवडलेला नसतो. तिलाही तो तिच्या आई-वडिलांकडूनच आलेला असतो, किंवा जन्माआधीच आपोआप बदललेला असतो. अहवालात काळ्या जागांच्या शेजारी हिरव्याही असतात. त्या हिरव्या तुकड्यांच्या बळावरच ती आजवर शेतात राबली आणि मुलाला घेऊन दवाखान्यापर्यंत आली. तो अहवाल घरात वाचला जाईल, तेव्हा एवढे तरी मोठ्याने वाचले जावे.