मगरीचे माणूसपण

थायलंडच्या अल्पखर्ची भय-साहसपटांची हेटाळणी बहुधा त्यांच्या तांत्रिक दारिद्र्यावरून होते. सोमफोत सेंगदुएनछाइ यांचा ‘क्राइथोंग’ (१९८०) हा मगरपटही तिला अपवाद नाही. एका दृश्यात मगर, पुढच्यात माणूस, आणि मधला सांधा उघडा. हा सांधा मात्र चित्रपटाहून कितीतरी जुना आहे.

मूळ लोककथा फिचित प्रांतातली. मगरींचा राजा छालवन एका धनिकाची कन्या तफाओ थोंग हिला पाण्याखालच्या गुहेत पळवून नेतो. नोंथबुरीचा क्राइथोंग मंत्रबळाने त्याचा वध करतो. या गुहेत मगरी मनुष्यरूप धारण करतात, हा कथेचा कणा होय. तळाशी श्वापद नाही, संसार आहे: छालवनची पत्नी विमला आहे (हे नाव मराठी वाचकास परके वाटू नये), व्रतस्थ आजोबा आहेत. भक्ष्य आणि प्रेयसी यांतली सीमा पाण्याच्या पृष्ठभागाइतकी पातळ. विजयी क्राइथोंग पुढे विमलेलाही आपलीशी करतो; मग अपहरणकर्ता आणि तारणहार यांत अंतर किती उरले? कथेतले खरे भय दातांत नाही, या प्रश्नात आहे.

राजा दुसरा राम (कारकीर्द १८०९–१८२४) याने या कथेवर ‘लखोन नोक’ प्रकारातले नाट्यकाव्य रचले. हा नाट्यप्रकार दरबाराबाहेर वाढलेला, मूळचा पुरुषनटांचा, विनोदाला मोकळीक देणारा. तेथे नट मगर होतो तो संकेताने. प्रेक्षक पुरावा मागत नाही.

सोमफोत यांची घडण जपानी राक्षसपटांच्या संस्कारात, एइजी त्सुबुराया यांच्या परिचयातून झाली. १९७४ साली त्यांच्या संस्थेने हनुमानाला अल्ट्रामॅन-बंधूंच्या पंक्तीला बसवले! ‘क्राइथोंग’च्याच सुमारास आलेल्या त्यांच्या ‘क्रॉकोडाइल’मध्ये मात्र मगरीच्या अक्राळविक्राळपणाचा संबंध अणुचाचण्यांशी जोडलेला आहे. हा चित्रपट डिक रँडल या निर्मात्यामार्फत परदेशी बाजारात गेला. त्या बाजाराला कारण हवे होते. ते मिळाले आणि विमला नाहीशी झाली. उरली केवळ माणसे गिळणारी मगर.

पाश्चात्त्य ‘कल्ट’ रसिक दोन्ही चित्रपटांतल्या नकली मगरींना सारखेच हसतो. ‘क्रॉकोडाइल’पुरते ते हसू रास्त आहे, कारण तेथे वास्तवाचा दावा केलेला आहे. ‘क्राइथोंग’ने तो केलेलाच नाही. फिचितमध्ये बुएंग सी फाइ तलावाकाठी आजही छालवनचा भव्य पुतळा उभा आहे.