एका बाटलीची वंशावळ

गेल्या वर्षीची गोष्ट. वाघबारस दोन दिवसांवर आली होती. जामसरच्या आसपास भातकापणी जोरात चालली होती आणि त्यामुळे माझ्या वर्गातली निम्मी मुले शाळेऐवजी खाचरात होती. दुपारी चारच्या सुमारास पाचवीतल्या एका मुलाला त्याच्या चुलत्याने पाठीवर घालून आणले. भाताचा भारा उचलताना त्याखाली दडलेले फुरसे त्याच्या हाताला डसले होते. आम्ही त्याला तसेच आरोग्य केंद्रात नेले.

डॉक्टरांनी प्रथम एक साधीच गोष्ट केली. मुलाचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतले आणि नळी वीस मिनिटे स्थिर ठेवली. फुरशाचे विष रक्ताचे गोठणे बंद पाडते. वीस मिनिटांनी नळी कलती केली तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले. मग कपाट उघडले. आतून छोट्या छोट्या बाटल्या निघाल्या. त्यांतली पांढरी भुकटी पाण्यात कालवून सलाईनमधून चढवण्यात आली. अशा दहा बाटल्या गेल्या. रात्री जव्हारच्या रुग्णालयाकडे गाडी निघाली तेव्हा मुलगा शुद्धीवर होता. वाघबारसेनंतर चौथ्या दिवशी तो सुजलेला हात गळ्यात अडकवून शाळेच्या ओट्यावर येऊन बसला.

त्याच्या आईने देवाला नारळ फोडला, डॉक्टरांच्या पाया पडली, मलाही उगीचच हात जोडले. माझ्या मनात मात्र दुसराच विचार घोळत होता. त्या दहा बाटल्या त्या दिवशी त्या कपाटात कशा होत्या? मी केंद्रातल्या औषधनिर्मात्यांना विचारले. ते हसून म्हणाले, “गुरुजी, साप आज चावला, पण ह्या बाटलीचा कागद मी कितीतरी महिने आधी लिहिला होता.”

दिवाळीच्या अंकात सरकारी औषधखरेदीचा विषय कसला काढला, असे काही वाचक म्हणतील. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. फराळाच्या ताटाशी निविदा आणि मागणीपत्रक वाचायला कोण बसेल? पण आपल्या घरातही दिवाळीच्या आधी यादी होतेच ना? रवा किती, डाळ किती, मागच्या वर्षी काय उरले, काय कमी पडले, कोणत्या दुकानदाराने खवट खोबरे दिले, हे सारे घरातली गृहिणी बरोबर ध्यानात ठेवते. सरकारची औषधखरेदी म्हणजे हीच यादी, फक्त कोट्यवधी माणसांच्या घराची. आणि इथे यादी चुकली तर चिवडा अळणी होऊन भागत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका तालुक्यात मास्तर होतो. गावाचे आणि दवाखान्याचे नाव सांगत नाही. सांगून आता उपयोगही नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला पहाटे मण्यार चावली. दवाखान्यात डॉक्टर होते, परिचारिका होती, कपाटही होते. कपाटात मुदत संपत आलेल्या खोकल्याच्या औषधाची खोकीच्या खोकी रचलेली होती; सर्पविषावरचा उतारा मात्र नव्हता. मागणी गेली होती म्हणतात, वर कुठेतरी अडली होती. मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवरच मुलगी गेली. हजेरीपटावरचे तिचे नाव कमी करायला पुढे तीन महिने माझा हात झाला नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. औषधांचे शास्त्र मला येत नाही. पण कादंबरी लिहिणाऱ्याला प्रत्येक वस्तूची वंशावळ शोधण्याची खोड असते. त्या खोडीपायी जे हाती लागले, ते इथे मांडतो.

इंग्रजी अमदानीत मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा ठिकाणी सरकारी औषधभांडारे होती. त्यांचा मुख्य हेतू लष्कराची सोय हा होता. भांडारातून मागणीपत्रके लंडनला इंडिया ऑफिसकडे जात, तिथे खरेदी होई आणि पेट्या बोटीने येत. हिंदुस्थानातल्या तापावरचे औषध हजारो मैलांवरच्या कचेरीत बसलेला माणूस ठरवी. पहिले महायुद्ध 1914 साली पेटले, समुद्रातले दळणवळण अडले, तेव्हा देशी कारखान्यांची खरी किंमत लोकांना कळली. प्रफुल्लचंद्र रॉय यांचे बेंगॉल केमिकल आणि 1907 साली बडोद्यात निघालेले अलेंबिक हे त्या काळाचे आधार.

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांना हिवतापाचा शाप जुना. त्यावरचे औषध क्विनीन. ते सिंकोना झाडाच्या सालीतून निघते. ह्या झाडांची लागवड सरकारने 1860 नंतर निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे केली. औषध तयार झाले, पण खेड्यात पोचवणार कोण? तेव्हा 1892 साली बंगालमध्ये एक युक्ती निघाली. क्विनीनच्या पुड्या बांधून त्या टपालकचेरीतून एका पैशाला विकू लागले. टपालवाला जिथे जातो तिथे औषध जाईल, असा हा सरळ हिशेब. ही पद्धत पुढे इतर प्रांतांतही गेली. मला ह्या पुडीचे फार कौतुक वाटते. औषध शोधणे हे एक काम आणि ते शेवटच्या घरापर्यंत नेणे हे दुसरे काम, ही गोष्ट त्या एका पैशाच्या पुडीने दाखवली.

पण त्याच क्विनीनने दोन कडू धडेही दिले. बाजारात भेसळीचे आणि कमी ताकदीचे क्विनीन इतके बोकाळले की सरकारला 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तिच्या शिफारशींतून पुढे 1940 चा औषध कायदा आला. दुसरा धडा 1942 चा. जगातले बहुतेक क्विनीन जावा बेटातल्या सिंकोनापासून होई. जपानने जावा घेतले आणि जगभर क्विनीनचा दुष्काळ पडला. सारे सामान एकाच दुकानातून घेणाऱ्याची जी गत होते, तीच तेव्हा मोठमोठ्या राष्ट्रांची झाली.

आता मुंबईकडे वळू. 1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने प्लेगची लस केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा 1899 साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. 1925 पासून तिला त्याचेच नाव आहे. परंतु मधल्या काळात ह्या माणसावर मोठे गंडांतर आले. 1902 साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच दिवशी 107 जणांना लस टोचली गेली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने दगावले. सारा ठपका हाफकिनवर आला आणि त्याला आपले काम सोडावे लागले. पुढे बारकाईने पाहता असे दिसले की, दगावलेले सर्व जण ‘53 एन’ ह्या एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. त्याच वेळी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नव्हते. बाटली उघडताना गावातच ती दूषित झाली असावी, हे मत बळावले. 1907 साली हाफकिन निर्दोष ठरला. बाटलीवर क्रमांक नसता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले हे लिहिलेले नसते, तर तो जन्मभर गुन्हेगारच राहिला असता. औषधाच्या प्रत्येक खोक्यावर आज जो तुकडी क्रमांक छापलेला असतो तो आपण वाचतही नाही. त्याची किंमत ही अशी आहे.

ह्याच मुंबईत 1986 साली जे घडले ते आठवले की अजून शहारे येतात. जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी रोग्यांना ग्लिसरीन देण्यात येई. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विष होते. मूत्रपिंडे निकामी होऊन 14 रोगी दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. चौकशीतून असे दिसले की दोष एका पिंपापुरता नव्हता. माल कोणाकडून घ्यावा, कोणाचे नाव यादीत घालावे, आलेला माल तपासावा की नाही, अशा प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी डोळे मिटले होते. विशेष म्हणजे हे विष जगाला अनोळखी नव्हते. 1937 साली अमेरिकेत त्याच द्रव्यात कालवलेल्या औषधाने शंभरांवर माणसे मेली होती आणि त्यावरून तिथला कायदा बदलला होता. पन्नास वर्षांपूर्वीचा धडा आम्ही आमच्या पोरांबाळांच्या जिवावर पुन्हा गिरवला.

ह्यावर वाचक विचारतील, मग सरकारने सर्वांत स्वस्त माल घ्यावा की सर्वांत महाग? दोन्ही नव्हे. म्हणून निविदेत दोन पाकिटे असतात. पहिल्या पाकिटात कारखान्याचा परवाना, त्याचा अनुभव, मालाच्या दर्जाचे दाखले. ह्यात जो उतरेल त्याचेच दुसरे, दराचे, पाकीट उघडायचे. पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर कमी त्याला काम. नियम चांगला आहे. पण पहिले पाकीट नीट वाचणारा माणूस हवा. त्यानंतर दर ठरतो, पुरवठ्याचा आदेश निघतो, माल भांडारात येतो, त्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि मग तो गावाकडे निघतो. शेवटची पायरी पैसे चुकते करण्याची, आणि ती लहान समजू नये. पुरवठादाराचे बिल वर्षभर थकले तर पुढच्या खेपेस प्रामाणिक कारखानदार निविदाच भरत नाही. जो भरतो तो थकबाकीचे व्याज दरात धरूनच भरतो.

ह्या कामाचा कित्ता तमिळनाडूने घालून दिला. तिथे 1994 साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ निघाले आणि 1995 च्या जानेवारीपासून त्याचे काम सुरू झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभी राहिली. बँकेच्या खातेपुस्तकासारखे एक पुस्तक प्रत्येक रुग्णालयाला मिळाले. त्यातल्या रकमेइतका माल त्याने आपल्या गरजेप्रमाणे उचलायचा. आलेल्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत जाताना कारखान्याचे नाव झाकून जाई, म्हणजे तपासणाऱ्याला भीड पडायला नको. ह्या साऱ्यात मला तरी एकही गोष्ट अशी दिसत नाही, जी एखाद्या हुशार गृहिणीला सुचली नसती.

आपल्या महाराष्ट्रात आरोग्य खाते, वैद्यकीय शिक्षण खाते, जिल्हा परिषदा असे अनेक खरेदीदार होते. एकाच गोळीचे निरनिराळे दर पडत. 2017 साली शासनाने ठरवले की राज्याच्या खात्यांची खरेदी हाफकिन महामंडळामार्फत एकत्र व्हावी. हे महामंडळ 1975 साली मूळ संस्थेतून निघाले. लशी आणि सर्पविषावरचा उतारा तयार करणारे घर म्हणून त्याचा लौकिक. पण लस करणे वेगळे आणि साऱ्या राज्याचा बाजार करणे वेगळे. माल वेळेवर मिळत नाही अशा तक्रारी वाढल्या. अखेर 2023 साली कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांतले उपचार सर्वांना निःशुल्क झाले. निर्णय मोठाच. पण औषध फुकट आहे आणि कपाटात नाही, अशी स्थिती आली तर त्या फुकटपणाचा गरिबाला काय उपयोग?

ह्या सगळ्या मोठ्या गोष्टींत जामसर कुठे बसते? आमचा मुलूख 1948 पर्यंत मुकणे राजांच्या जव्हार संस्थानात होता, मग तो ठाणे जिल्ह्यात आला आणि 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली तेव्हा साऱ्या देशाने आमच्याकडे वळून पाहिले. तेव्हापासून इथे अधिकारी आले, योजना आल्या, रस्ते झाले. तरी पावसाळ्यात ओढे भरले की काही पाडे अजूनही एकटे पडतात; आणि साप तर नेमके पावसात आणि कापणीतच निघतात. म्हणून इथली यादी मुंबईच्या यादीसारखी असून चालत नाही, हे इथल्या माणसालाच लिहावे लागते.

औषधनिर्मात्यांनी मला आपली वही दाखवली. मागच्या तीन वर्षांत कोणत्या महिन्यात किती सर्पदंश आले, किती बाटल्या लागल्या, किती उरल्या, हे सारे निळ्या शाईने लिहिलेले होते. आता हा हिशेब संगणकावरही चढवावा लागतो, पण त्यांची वही सुटलेली नाही. जून उजाडायच्या आत भर पडावी म्हणून मागणी केव्हा धाडायची, ह्याची खूण त्यांनी समासात केली होती. मी विचारले, “एवढे कशासाठी लिहिता? वरचे लोक वाचतात का?”

ते म्हणाले, “वाचोत न वाचोत. मी लिहिले नाही तर वाचायला तरी काय राहील?”

परवा त्या मुलाची आई नव्या नागलीची पिशवी घेऊन शाळेत आली. ही गुरुजींसाठी, म्हणाली. मी तिला आरोग्य केंद्रात नेले आणि पिशवी औषधनिर्मात्यांच्या टेबलावर ठेवायला सांगितले. तिला कारण समजेना. ह्या माणसाने सुई टोचली नव्हती, नाडी पाहिली नव्हती. मग मी तिच्या मुलालाच म्हटले, ती वही उघड आणि आईला वाचून दाखव. त्याने बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचले. गेल्या वर्षीच्या आश्विनातल्या ओळीवर आकडा होता 10. त्यापुढे नाव नव्हते, पण तो दहाचा आकडा आपला आहे हे पोराला बरोबर कळले.

यंदाच्या मागणीच्या रकान्यात आकडा थोडा वाढवलेला मी पाहिला. माझ्या घरातल्या फराळाची यादी अजून व्हायची आहे.