पळून जाणे आणि धावून जाणे

मराठीत धावण्यासाठी दोन क्रियापदे आहेत. एरवी ती एकमेकांच्या जागी सहज वापरली जातात. पण 'जाणे' हे क्रियापद जोडले की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. 'पळून जाणे' म्हणजे संकटाला पाठ दाखवणे, 'धावून जाणे' म्हणजे दुसऱ्याच्या संकटाकडे तोंड करणे. शिवाय 'धावा' हे नाम आहेच. ते धावणाऱ्याचे नव्हे, तर ज्याला जागचे हलताही येत नाही त्याने मारलेल्या हाकेचे नाव आहे. मन ठीक राहावे म्हणून धावावे, असा सल्ला आज डॉक्टरांपासून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत सर्वत्र मिळतो. शरीराच्या गतीने मनाला सावरण्याचा विचार आपल्याकडे जुनाच आहे. मात्र त्या विचाराबरोबर सोबतीचीही एक कल्पना होती, ती मागे पडली आहे, असे आम्हांस वाटते. छत्रपती संभाजीनगर आणि भोवतालच्या गोदाकाठापासून आरंभ करून हा इतिहास पाहू.

शहराच्या उत्तरेस, विद्यापीठाच्या मागील डोंगरात, औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंच्या जीवनाचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकात, चुल्लवग्गात, एक प्रसंग येतो. वैशालीत उत्तमोत्तम भोजन मिळू लागल्याने भिक्खू आजारी पडू लागले, तेव्हा जीवक या वैद्याने बुद्धांना विनंती केली की, भिक्खूंना चंक्रमणाची आणि उष्ण स्नानगृहाची अनुमती द्यावी. चंक्रमण म्हणजे ठरावीक वाटेवर येरझाऱ्या घालणे. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची आणि परिश्रमाची शक्ती, आरोग्य व पचन हे पहिले चार. आणि चालताना लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते, हा पाचवा. हे धावणे नव्हे, हे खरे. पण येथे एका वैद्याचा सल्ला व्यक्तीवर न सोडता संघाच्या दिनक्रमात आला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशी येथे पूर्ण केली. तिच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीता येते. अवंती नगरीतला एक कृपण धनिक सर्वस्व गमावून भिक्षू होतो. लोक त्याची विटंबना करतात. आणि तो या निष्कर्षाला येतो की, सुखदुःखाचे कारण लोक, देव, ग्रह किंवा कर्म यांपैकी काहीही नसून केवळ मन हेच आहे. हा विचार खोल आहे, पण तो दुसऱ्याच्या तोंडावर फेकला तर क्रूर होतो. 'सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत' हे वाक्य खचलेल्या माणसाने किती वेळा ऐकलेले असते! नाथांच्या चरित्रपरंपरेत मात्र याच ग्रंथकर्त्याविषयी आणखी एक आख्यायिका सांगितली जाते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक अस्पृश्य मानले गेलेले मूल रडत होते. नाथांनी त्याला कडेवर घेतले आणि घरी पोहोचवले. दुःखाचे मूळ मनात असते, असे प्रतिपादणाऱ्याने त्या मुलाला मनोनिग्रहाचा उपदेश केला नाही. तो धावून गेला.

दुसरे उदाहरण रामदासांचे. त्यांचे जन्मगाव जांब आज जालना जिल्ह्यात आहे. १९८१ मध्ये तो जिल्हा वेगळा होण्यापूर्वी ते औरंगाबाद जिल्ह्यात होते. 'सावधान' हा शब्द ऐकताच ते विवाहमंडपातून निघून गेले, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ही तर सरळसरळ पळून जाण्याची कथा. पुढे नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षे तपश्चर्या आणि सूर्यनमस्कार, असे परंपरा सांगते. ज्याने मनालाच संबोधून दोनशे पाच श्लोक रचले, त्यानेच गावोगाव उपासनेसाठी मारुती स्थापिला, आणि 'मनोजव', म्हणजे मनाच्या वेगाचा, हे त्या दैवताचेच विशेषण आहे. पळून जाणे परंपरेने सर्वस्वी निषिद्ध मानले नाही. पळालेला माणूस पुढे लोकांकडे परत आला की नाही, एवढेच तिने पाहिले.

या दोन्ही धारा वारीत एकत्र येतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरकडे निघते. वाटेत मिडसांगवी, पारगाव घुमरे अशा ठिकाणी रिंगण होते. अश्व धावतो, पताकाधारी धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, वीणेकरी धावतात; पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे कोणी मोजत नाही. आळंदीहून येणाऱ्या सोहळ्यात वेळापूरच्या अलीकडील उतारावर वारकरी धावत सुटतात, त्या धावण्यालाच 'धावा' म्हणतात. हाक आणि धाव यांना एकच शब्द पुरतो, तो असा.

आता आजच्या विज्ञानाकडे वळू. अॅमस्टरडॅम येथील संशोधकांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य वा चिंताविकार असलेल्या १४१ जणांपैकी ४५ जणांनी औषध घेतले, ९६ जण समूहाने, देखरेखीखाली, आठवड्यातून दोन-तीनदा धावले. बहुतेकांनी उपाय स्वतःच निवडला होता, त्यामुळे ही तुलना काटेकोर म्हणता येत नाही. सोळा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत सुमारे ४४ टक्के लोकांची लक्षणे ओसरली होती. वजन, रक्तदाब अशा शारीरिक बाबतींत धावणारे सरस ठरले. पण औषधाचा क्रम ८२ टक्क्यांनी पाळला, धावण्याचा केवळ ५२ टक्क्यांनी. पहिल्या आकड्याची वार्ता सर्वदूर पोहोचली. आमच्या मते दुसरा आकडा अधिक बोलका आहे. धावणे उपयोगी आहे. परंतु उठून बाहेर पडण्याची शक्ती हीच तर हा आजार आधी हिरावून घेतो.

म्हणून 'जरा पळायला जात जा' हा सल्ला ऐकणाऱ्याला सल्ला वाटत नाही, ठपका वाटतो. उसाच्या फडात दिवसभर राबलेल्या शरीराला तो देता येत नाही. पहाटेच्या अंधारात एकटीने रस्त्यावर निघणे ज्या मुलीला सुरक्षित वाटत नाही, तिलाही नाही. आणि तीव्र नैराश्यात तो उपचाराची जागा घेऊ शकत नाही. तेथे वैद्यच हवा. शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. जुन्या भाषेत सांगायचे तर धावा करण्याची ती एक जागा आहे.

आमचे बहुतेक वाचक शिकणारे किंवा शिकवणारे आहेत. वर्गात येईनासा झालेला एखादा विद्यार्थी प्रत्येकाच्या पाहण्यात असतो. त्याला व्यायामाचे लाभ सांगण्याआधी कोणीतरी वसतिगृहातील त्याच्या खोलीपर्यंत गेले पाहिजे, लागल्यास डॉक्टरकडे बरोबर गेले पाहिजे, आणि मग एखाद्या सकाळी, त्याला झेपेल तेवढ्याच वेगाने, त्याच्याबरोबर चालायला निघाले पाहिजे. तो धावेल की नाही, हे नंतर पाहता येईल.