दोन पेट्यांतील चित्रे

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास बहुधा दुपारच्या उतरत्या वेळी येतो. गणिताचा किंवा भाषेचा मागे पडलेला भाग पुरा करावयाचा झाला की पहिल्याने मागून घेतला जातो तो हाच तास. परीक्षेच्या दृष्टीने त्यास फारसे वजन नाही. आणि मूल अकरा-बारा वर्षांचे झाले की त्याचे स्वतःचेही मन त्यातून उडू लागते. चार वर्षांपूर्वी भिंत, पाटी, अंगण यांवर बिनदिक्कत हत्ती-घोडे उभे करणारे तेच मूल आता ‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही मिटते. पाचवी ते आठवी या इयत्तांत असे का घडते, आणि या तासाने मुळात साधावयाचे तरी काय, या प्रश्नांचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. त्या इतिहासातील सर्वांत कठीण कसोटी एका बंदिवान गावात लागली.

चित्रकला सार्वत्रिक शालेय शिक्षणात आली ती कलेसाठी नव्हे, कारखान्यांसाठी आली. 1851 साली लंडनला जे भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले त्याने इंग्लंडच्या धुरिणांस एक गोष्ट जाणवून दिली: यंत्रे इंग्रजांची उत्तम असली तरी मालावरील नक्षीत फ्रेंच कारागीर पुढे होते. त्यावर हेन्री कोल यांच्या पुढाकाराने साउथ केन्सिंग्टन येथून एक शिक्षणक्रम आखला गेला. आधी सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग भूमितीच्या आकृत्या, मग वेलबुट्टीचे छापील नमुने, अशा पायऱ्या त्यात एकावर एक रचलेल्या होत्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1870 साली कायदा करून चित्रकलेस शाळेतील विषयांत स्थान दिले, आणि पुढल्याच वर्षी वॉल्टर स्मिथ या शिक्षकास इंग्लंडहून मुद्दाम आणविले. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचा आरंभ 1857 चा. तिच्यावरही पुढे याच पद्धतीची छाया पडली.

या पद्धतीस सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. मजुराच्या मुलाच्या हातीही तिने पेन्सिल दिली. हात आणि डोळा यांस वळण लावले. परंतु तिच्या लेखी मूल म्हणजे अपुरा कारागीर. त्याच्या रेषेत नमुन्याहून जे जे निराळे असेल ते ते चूक, आणि चूक म्हणजे रबराने पुसून टाकण्याची वस्तू. मुलाला स्वतःचे काही दिसत असेल, ही शंकाही त्या शिक्षणक्रमास शिवली नव्हती.

ती शंका ज्या गृहस्थास आली त्याचे नाव फ्रांझ चिझेक. बोहेमियात, एल्ब नदीकाठच्या लायटमेरिट्झ या गावी 1865 साली त्यांचा जन्म झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते 1885 साली व्हिएन्नास आले आणि एका सुताराच्या घरी राहू लागले. त्या घरची मुले त्यांच्याकडे कागद-रंग मागत आणि जवळ बसून चित्रे काढीत. खिडकीसमोर फळ्यांचे एक लांब कुंपण होते. गल्लीतील मुले त्यावर चित्रे काढीत आणि तिथल्या जागेसाठी भांडत. शाळेतील चित्रकलेस कंटाळणारी मुले इथे मात्र कोणी न सांगता, गुणांची आशा नसता चित्रे काढतात, आणि त्या चित्रांची घडण वयाप्रमाणे ठरावीक क्रमाने बदलत जाते, हे चिझेक यांच्या ध्यानात आले. ज्यास चुका म्हणत त्या वस्तुतः बालकाच्या पाहण्याच्या रीती होत्या. व्हिएन्नातील नव्या विचारांच्या चित्रकार मित्रांनी त्यांस धीर दिला, आणि 1897 साली त्यांनी मुलांसाठी आपला कलावर्ग उघडला. पुढे तो तेथील कलाकौशल्याच्या शाळेस जोडला गेला.

या वर्गात नमुन्याची पाने नव्हती. साहित्य मात्र भरपूर होते. रंगीत कागद कापून चिकटवणे, लाकूड कोरणे, भरतकाम, मातीकाम हे तर तेथे चालेच. पण जमिनीवर अंथरावयाच्या लिनोलियमचे तुकडे कोरून त्यांवरून ठसे उमटवण्याचे कामही चिझेक यांनी मुलांच्या हाती दिले. यामागे सूक्ष्म विचार होता. अकरा-बाराव्या वर्षी मूल आपले चित्र प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहू लागते. हाताहून डोळा पुढे जातो, आणि आपली रेषा खोटी आहे असे त्यास वाटू लागते. पेन्सिलीने ते हुबेहूब घोडा काढावयास जाते आणि हरते. लिनोलियमवर ती स्पर्धाच नसते. तेथे बारीक छटा निघत नाही, काढलेले पुसता येत नाही, काळे आणि पांढरे यांचा हिशेब आधीच मनाशी मांडावा लागतो. वाढत्या बुद्धीला काम मिळते आणि नक्कल न साधल्याचा कमीपणाही येत नाही. मधल्या इयत्तांतील मुलांस ‘काढ’ म्हणण्यापेक्षा ‘रच’ म्हणावे, हे सूत्र येथे प्रथम स्पष्ट झाले.

पहिल्या महायुद्धानंतर या मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन 1920 साली लंडनला भरले, आणि चिझेक यांचे नाव शिक्षकवर्गात सर्वतोमुखी झाले. त्याबरोबरच एक आक्षेपही निघाला, आणि तो खोटा नव्हता. मुले इतकी स्वतंत्र, मग या चित्रांचा तोंडवळा इतका सारखा का? तीच गोंडस मुले, तीच नीटस झाडे. नमुन्याचे पान गेले, पण शिक्षकाची आवड त्याच्या जागी हळूच येऊन बसली होती. मुलास मोकळे सोडले की ते मोकळे होतेच असे नाही, हा धडा त्यातून निघाला.

तो धडा पुढे नेणारी शिक्षिका फ्रीडल डिकर. तिचा जन्म व्हिएन्नात 1898 साली झाला. आई लहानपणीच गेली. कलाकौशल्याच्या शाळेत तिने चिझेक यांच्यापाशी शिक्षण घेतले, आणि नंतर योहानेस इटेन या चित्रकाराची ती शिष्या झाली. 1919 साली इटेन जर्मनीतील वायमार येथे वॉल्टर ग्रोपियस यांच्या बाउहाउस या नव्या कलाशाळेत शिकवावयास गेले, तेव्हा तीही तेथे गेली. त्या बाउहाउसमधील कलाकृतींचे एक प्रदर्शन 1922 च्या डिसेंबरात कलकत्त्यास भरले होते आणि त्यात इटेन यांचीही चित्रे होती. इटेन यांचा प्राथमिक वर्ग अगदी वेगळ्या धाटणीचा होता. श्वासाची लय सांभाळीत रेषा ओढणे, खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलके, उजेड आणि अंधार अशा जोड्या हाताने चाचपून मग कागदावर आणणे, जुन्या थोर चित्रांची अंतर्गत रचना शोधणे, असे पाठ तेथे दिले जात. चिझेक यांच्याकडून मुलाविषयीचा आदर आणि इटेन यांच्याकडून ही शिस्त, अशी दुहेरी शिदोरी फ्रीडलला मिळाली.

पुढे व्हिएन्नात तिने फर्निचर, विणकाम, रंगभूमीची सजावट अशी कामे केली आणि बालवाडीच्या शिक्षिकांस चित्रकला शिकवली. 1934 साली डाव्या चळवळीतील सहभागामुळे तिला अटक झाली. सुटकेनंतर ती प्रागला गेली आणि तेथे निर्वासितांच्या मुलांस शिकवू लागली. 1936 साली तिने पावेल ब्रांडाइस यांच्याशी विवाह केला. हे दोघेही ज्यू होते. हिटलरच्या सैन्याने देश गिळंकृत केल्यावर 1942 च्या डिसेंबरात दोघांची रवानगी तेरेझीनला झाली. माणशी 50 किलो सामानाची मुभा होती. त्यात तिने कागद आणि रंग घेतले, असे तिला ओळखणाऱ्यांनी पुढे सांगितले.

तेरेझीन हे अठराव्या शतकात बांधलेले तटबंदीचे गाव. चिझेक यांचे जन्मगाव लायटमेरिट्झ तेथून अवघ्या दोनएक मैलांवर. बालचित्रकलेचा पहिला पुरस्कर्ता ज्या नदीकाठी जन्मला त्याच टापूत तिची शेवटची परीक्षा व्हावी, हा इतिहासाचा क्रूर योग होय. 1941 च्या नोव्हेंबरापासून नाझींनी या गावाचा ज्यूंसाठी कोंडवाडा केला. सुमारे 1,40,000 माणसे तेथे आणली गेली. सुमारे 33,000 उपासमारीने व रोगाने तेथेच मेली, आणि सुमारे 88,000 पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे धाडली गेली. मुलांना वेगळ्या निवासांत ठेवीत. त्यांस रीतसर शिक्षण देण्यास बंदी होती. गाणे, हस्तकाम आणि चित्रकला यांस मात्र आडकाठी नव्हती. अन्यत्र वेळापत्रकात सर्वांत शेवटी बसणारा विषय येथे एकट्याने शाळा होऊन उभा राहिला.

फ्रीडलबाईंच्या वर्गातील मुले बहुतांशी दहा ते चौदा वर्षांची, म्हणजे नेमकी त्या अवघड वयाची. कागद मिळेल तो: कचेरीतील वापरलेले छापील तक्ते, बांधणीचे कागद, जुन्या आवेष्टनांचे तुकडे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर काम चाले. पाठाचा आरंभ पुष्कळदा लयीच्या अभ्यासाने होई. बाई तोंडी लय सांगत आणि मुले हात सैल सोडून रेषा ओढीत. कधी त्या एखादी हकीकत भराभर सांगत, आणि तीत येणाऱ्या वस्तू मुलांनी तितक्याच चपळाईने उतरावयाच्या असत. कधी समोर एखादे फूल किंवा भांडे ठेवले जाई. कधी जुन्या चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत दाखवून त्यातील प्रकाशाचे व वजनाचे मर्म रद्दी कागदाच्या कपट्यांनी पुन्हा रचावयास त्या सांगत. ही नक्कल नव्हती. तक्त्याच्या छापील ओळी कधी चित्रातील सावली होत, कधी जमीन. आणि प्रत्येक मुलाने चित्रावर आपले नाव लिहावे असा त्यांचा आग्रह असे. जेथे माणसाला पाठवणीच्या यादीतील क्रमांकाने ओळखीत, तेथे कागदाच्या कोपऱ्यातील त्या नावाचे मोल काय होते हे सांगावयास नको.

त्या चित्रांत मचाणासारखे एकावर एक रचलेले बिछाने आहेत, पहारेकरीही आहेत. पण अधिक आहेत ती घरे, बागा, फुलपाखरे, जेवणाच्या टेबलाभोवतीचे कुटुंब. बाईंनी मुलांस दुःख काढा असे सांगितले नाही आणि आनंद काढा असेही सांगितले नाही. 1943 साली मुलांच्या चित्रांचे एक प्रदर्शन त्या निवासाच्या तळघरात भरले. त्याच वर्षी शिक्षकांपुढे केलेल्या विवेचनात बाईंनी आपली भूमिका मांडली. हे वर्ग मुलांस चित्रकार करण्यासाठी नाहीत. त्यांच्यातील सर्जक शक्ती मोकळी व्हावी, निरीक्षण वाढावे आणि त्यांची स्वतःची वाट त्यांस सापडावी एवढ्यासाठी आहेत. मुलांना आपल्यासारखे करण्याची मोठ्या माणसांना घाई का असावी, असा त्यांचा प्रश्न होता. चिझेक यांच्या वर्गावरील आक्षेपाचे उत्तरही येथेच मिळते. शिक्षकाने सुंदर काय ते सांगू नये. कसे पाहावे याची साधने द्यावी आणि मग बाजूला व्हावे.

1944 च्या सप्टेंबरअखेर पावेल ब्रांडाइस यांना पूर्वेकडे धाडण्यात आले. फ्रीडलबाईंनी पतीच्या मागोमाग जाण्यासाठी आपले नाव आपणहून दिले. 6 ऑक्टोबरला त्यांची गाडी निघाली, आणि 9 ऑक्टोबर 1944 रोजी आउशविट्झ येथे त्यांचा अंत झाला. पती मात्र युद्धातून वाचले. त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांनाही तोच मार्ग दाखविला गेला होता. जाण्यापूर्वी बाईंनी मुलांची चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवली होती. युद्ध संपल्यावर, 1945 च्या ऑगस्टात, मुलींच्या निवासाचे प्रमुख व्हिली ग्रोआग यांनी त्या पेट्या प्रागला आणून दिल्या. आत सुमारे 4,500 चित्रे निघाली. ज्यांची नावे त्या कागदांवर आहेत त्यांतील बहुतेक मुले तोवर या जगात नव्हती. आज ती चित्रे प्रागच्या ज्यू संग्रहालयात जतन केलेली आहेत.

या शिक्षणाचा ओघ मात्र तेथे खुंटला नाही. फ्रीडलबाईंजवळ शिकलेल्या ईडिथ क्रामर 1938 साली अमेरिकेत पोहोचल्या आणि मनाने दुखावलेल्या मुलांसाठी चित्रकलेचा उपचार म्हणून उपयोग करण्याच्या शास्त्राचा त्यांनी तेथे पाया घातला. व्हिएन्नाचेच व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बालचित्रांच्या वयोगटांची पद्धतशीर मांडणी केली, आणि अकरा ते तेरा या वयातील त्या अडखळण्याकडे शिक्षकांचे लक्ष वेधले.

चित्रांनी त्या मुलांचे प्राण वाचविले नाहीत. तशी भाबडी समजूत करून घेणे म्हणजे त्या मुलांच्या दुःखाचा अवमान होय. परंतु त्या पेट्यांनी एका जुन्या प्रश्नाचा निकाल लावला. कारखान्याला त्या मुलांचे हात नको होते. परीक्षा नव्हती, गुण नव्हते, पुढील इयत्ताही नव्हती. उपयुक्ततेची सारी कारणे गळून पडल्यावरही तो तास उरला, आणि मुले त्याची वाट पाहत. जगाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे आणि जे पाहिले त्याखाली स्वतःचे नाव लिहिणे, एवढेच त्या तासाचे काम होते. शाळेच्या वेळापत्रकातून हा तास उसना मागून घेताना गणिताच्या शिक्षकाने, आणि तो सहज देऊन टाकताना चित्रकलेच्या शिक्षकाने, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे आहे.