हवेचं माप

सातारा-सांगली म्हटलं की लोकांना कंदी पेढे आणि हळद आठवते. मला आठवतात इंजिनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली (आज ती सांगली जिल्ह्यात येते). धनजीशा कूपर यांनी १९२२ साली सातारारोडला कारखाना काढला. दोन्हीकडे आधी लोखंडी नांगर घडले. १९३०च्या दशकात कूपरचं डिझेल इंजिन आलं. भारतात बनलेल्या अगदी पहिल्या डिझेल इंजिनांत ते गणलं जातं.

त्या इंजिनात हवा मोजणारं काही नव्हतं. मावेल तेवढी हवा आत यायची, गव्हर्नर फक्त डिझेल कमी-जास्त करायचा. मापाचं काम मिस्त्रीच्या डोळ्या-कानांकडे. धूर काळा? हवा कमी पडतेय, फिल्टर चोंदलाय किंवा डिझेल जास्त जातंय. निळा? ऑइल जळतंय. वैद्याने नाडी बघावी तसं हे निदान!

पेट्रोल इंजिनाला मात्र हिशोब चुकवून चालत नाही. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. कार्ब्युरेटर हे प्रमाण हवेच्या ओढीवर जुळवायचा, वजन त्याला कळत नसे. वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला जा. तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने साधारण एक-अष्टमांश विरळ. कार्ब्युरेटर पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही, म्हणून गाडी जड चाले आणि पेट्रोल जास्त पिई.

यावर उपाय निघाला जर्मनीत. बॉशने १९७३ साली हवेच्या झोताने ढकलली जाणारी झडप बसवून हवा मोजली. पण तीही आकारमानच मोजायची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेचा मीटर आला. बशीतल्या चहावर फुंकर मारली की तो निवतो, तशी वाहत्या हवेने तार निवते. ती तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागली, यावरून हवेचं वजन कळतं. घाट असो की मैदान, आकडा बरोबर.

आपल्याकडे १ एप्रिल २००० पासून देशभर 'इंडिया २०००' हे धुराचे नियम लागू झाले आणि मोटारींतला कार्ब्युरेटर मागे पडला. बऱ्याच पेट्रोल गाड्यांनी हवेच्या दाबावरून हिशोब करणारा सेन्सर घेतला. तारेच्या मीटरचा धाकटा भाऊ, तापलेल्या पातळ पापुद्र्याचा मीटर, कॉमन रेल डिझेल गाड्यांत आला. गंमत बघा, ज्या डिझेलला हवा मोजायची गरजच नव्हती, त्यालाच मीटर लागला! कारण धुराचा काही भाग परत इंजिनात सोडायचा, तर ताजी हवा किती येते हे कळायला हवं.

इथे निदानाची रीत उलटी झाली. मीटरवर धूळ बसली की तो हवा कमी सांगतो. कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवून डिझेल आखडतो. गाडी ओढत नाही आणि काळा धूरही दिसत नाही! जुन्या मिस्त्रीचा पहिला साक्षीदारच गप्प. मग स्कॅनर लावायचा, कोड मीटरचं नाव घेतो आणि गिऱ्हाईक काही हजार रुपये मोजून मोकळं होतं. पुष्कळदा दोष चोंदलेल्या फिल्टरचा, सैल कनेक्टरचा किंवा मीटरच्या पुढे चिरलेल्या रबरी पाइपचा निघतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फिल्टर, मग पाइप, मग कनेक्टर. मीटर खास त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवायचा, फडकं लावायचं नाही. कनेक्टर काढून गाडी चालवली आणि ती सुधारली, तर मीटरवर संशय घ्यायला जागा आहे. नवा मीटर सगळ्यात शेवटी.

कूपरच्या इंजिनापाशी उभा राहणारा मिस्त्री हेच तर करायचा: हवा कुठून येते, कुठे अडते, ते आधी बघायचा. आकडा सांगणारं यंत्र आलं म्हणून ते बघायचं सुटू नये, इतकंच.