एब्स्टाइन विकृती : प्रौढांमधील शस्त्रक्रिया

हृदयाच्या उजव्या बाजूच्या त्रिदली झडपेचा दुर्मीळ जन्मजात दोष. सर्व जन्मजात हृदयदोषांत याचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. जर्मन वैद्य व्हिल्हेल्म एब्स्टाइन यांनी १८६६ मध्ये एका १९ वर्षांच्या मजुराच्या शवविच्छेदनावरून याचे पहिले वर्णन केले.

स्वरूप : गर्भावस्थेत झडपेच्या पाकळ्या निलयाच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीपासून नीट सुट्या होत नाहीत. दोन पाकळ्या खाली चिकटून राहतात, पुढची मात्र शिडासारखी मोठी होते. झडप पूर्ण मिटत नसल्याने रक्त उलटे अलिंदात (वरच्या कप्प्यात) येते व अलिंद फुगत जाते. अनेकांच्या दोन अलिंदांमधील पडद्याला छिद्रही असते. त्यातून अशुद्ध रक्त डावीकडे गेल्यास ओठ व नखे निळसर पडतात. त्याच छिद्रातून रक्ताची गुठळी मेंदूत पोहोचल्यास पक्षाघात होतो. दोष सौम्य असल्यास धाप लागणे, धडधड ही लक्षणे प्रौढ वयातच दिसू लागतात. निदान इकोकार्डिओग्राफीने होते; निलयाचा आकार व ताकद एमआरआयने मोजतात.

शस्त्रक्रिया : १९६३ मध्ये केपटाउनच्या ख्रिस्तियान बर्नार्ड व श्रायर यांनी कृत्रिम झडप बसवल्याचे प्रसिद्ध केले. पुढे डॅनियलसन (अमेरिका) व कार्पेंतिए (फ्रान्स) यांनी मूळ झडपच दुरुस्त करण्याच्या पद्धती रूढ केल्या. ब्राझीलचे जुझे पेद्रु दा सिल्वा यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली ‘कोन’ (शंकू) पद्धत आज अनेक केंद्रांत पहिली पसंती आहे. तीत चिकटलेल्या पाकळ्या सोडवून, फिरवून एकमेकींना शिवतात आणि तयार झालेला शंकू झडपेच्या मूळ जागी बसवतात. निलयाचा पातळ भाग चुणी घालून आवळतात, छिद्र बंद करतात. मग निलयात सलाइन भरून झडप गळते का, हे तिथेच तपासतात. टाके घालताना उजवी हृद्‌रोहिणी मुडपणार नाही व विद्युत्‌वहनाच्या केंद्राला इजा होणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

पाकळ्या अपुऱ्या असल्यास जैविक झडप बसवतात. निलय दुर्बल असल्यास ऊर्ध्व महाशीर फुप्फुस रोहिणीला जोडून त्याच्यावरचा भार हलका करतात.

व्यायामक्षमता घटणे, निळसरपणा वा निलय वाढत जाणे हे शस्त्रक्रियेचे संकेत होत. झडप उशिराही दुरुस्त करता येते, पण थकलेला स्नायू पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून निलय कमजोर होण्याआधी शस्त्रक्रिया करणे श्रेयस्कर ठरते. त्यानंतरही आयुष्यभर नियमित तपासणी आवश्यक असते.