टक्के झाकून काय साधते?

जळगाव-धुळ्याच्या कॉमर्स कॉलेजांत आणि आसपासच्या क्लासेसमध्ये दोन मते ठामपणे सांगितली जातात. पहिले असे की बी.कॉम.ला पन्नास-बावन्न टक्के असतील तर फायनान्सचा नाद सोडावा, तिथे सलग पहिला वर्ग लागतो. दुसरे मत पहिल्याच्याच पोटातून निघाले आहे. टक्के कमी आहेत ना, मग बायोडाट्यात ते दिसू देऊ नका. त्या जागी आठ-दहा ऑनलाइन सर्टिफिकेटे लावा आणि ‘हार्डवर्किंग’, ‘क्विक लर्नर’ असे चार शब्द घाला. दोन्ही मतांचे गृहीत एकच आहे : मार्कशीट बाजूला ठेवली तर या मुलाजवळ, या मुलीजवळ दाखवण्यासारखे काही उरत नाही. हे गृहीतच मला मान्य नाही. खानदेशापुरते तर ते साफ चुकीचे आहे.

पहिल्या मतात जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य करू. गुणांना किंमत नाही असे म्हणणे ही मुलांची फसवणूक आहे. सीएला फाउंडेशन न देता थेट प्रवेश हवा असेल तर कॉमर्सच्या पदवीधराला 55 टक्के लागतात, इतर शाखांच्या बहुतेकांना 60. चोपन्नवाल्याने तिथे कितीही गुणवत्ता सांगितली तरी उपयोग नाही. त्याला फाउंडेशनच द्यावी लागते. मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन अर्जात टक्क्यांची अट असेल तर कमी टक्क्यांचा अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. संशोधनही गुणांना अगदी निरर्थक ठरवत नाही. फिलिप रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये कॉलेजचे गुण आणि नोकरीतली कामगिरी यांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यात सहसंबंध सरासरी 0.16 निघाला, सांख्यिकी दुरुस्त्यांनंतर 0.30 च्या वर गेला. म्हणजे संबंध आहे, पण तोकडा. आणि पदवीला जितकी वर्षे उलटतात तितका तो क्षीण होत जातो. उमेदवार निवडण्याच्या पद्धतींची पॉल सॅकेट यांच्या गटाने 2022 मध्ये फेरतपासणी केली, तेव्हा सर्वांत वर आली ती आधी ठरवलेल्या प्रश्नांची शिस्तशीर मुलाखत. तिच्या खालोखाल कामाच्या ज्ञानाची चाचणी होती, आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे हीदेखील चांगल्या पद्धतींत गणली गेली.

मग मालक टक्केच का पाहतो? मायकेल स्पेन्स यांनी 1973 मध्ये याचे उत्तर दिले, आणि त्या विचाराला 2001 चे नोबेल मिळाले. उमेदवार किती कामाचा हे मालकाला आधी कळत नाही, म्हणून तो एखाद्या खुणेवर विसंबतो. ती खूण खरी ठरायची तर ज्याला काम येत नाही त्याला ती मिळवणे जास्त कष्टाचे असले पाहिजे. या कसोटीवर दुसरे मतही कोसळते. दोन तास व्हिडिओ पाहून कोणालाही मिळणारे सर्टिफिकेट मालकाला काहीच सांगत नाही. दहा लावली तरी दहापट काहीच नाही. सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएमची रिसर्च ॲनालिस्ट परीक्षा मात्र वेगळी. तिथे उत्तीर्ण व्हायला 60 टक्के लागतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. पदवीला बावन्न टक्के असलेल्या मुलीने ती पार केली असेल, तर वाचणाऱ्याला त्या बावन्नचा पुन्हा विचार करावा लागतो. अशी एकच परीक्षा पुरते.

पण परीक्षेपेक्षा मोठी खूण आपल्या घरात आणि पेठेत पडलेली आहे, आणि तिच्याकडे कोणी फायनान्स म्हणून पाहत नाही. जळगावच्या डाळमिलच्या, धुळ्याच्या तेलगिरणीच्या किंवा दोंडाईच्याच्या मिरचीच्या व्यापाऱ्याकडे संध्याकाळी बिले लिहिणारा मुलगा बायोडाट्यात ‘अनुभव : नाही’ असे लिहितो. प्रत्यक्षात तो खरेदीच्या नोंदी टॅलीत टाकतो, हमाली-तोलाई वेगळी काढतो, जीएसटीच्या 2बी विवरणात न आलेली बिले शोधून पुरवठादाराला फोन करतो. कुठल्याही सीएच्या ऑफिसात नव्या आर्टिकलला, म्हणजे शिकाऊ उमेदवाराला, पहिले काही महिने याहून वेगळे काम क्वचितच मिळते. गावातल्या बचत गटाचे रजिस्टर आईच्या वतीने लिहिणारी मुलगी कर्जवाटप, व्याज आणि थकबाकी दर महिन्याला पाहते. रावेर-यावलच्या केळीवाल्या घरातल्या मुलाला ठाऊक असते की रोपे, ठिबक आणि खते यांचा पैसा आज जातो आणि घड कापून ट्रकमध्ये चढायला जवळपास वर्ष लागते. पीककर्ज आणि विम्याच्या तारखा त्याच मधल्या काळात येतात. हेच त्याने महिन्यावार एका तक्त्यात मांडले की रोख प्रवाहाचे विवरण तयार झाले. पुस्तकातल्या काल्पनिक कंपनीच्या उदाहरणापेक्षा मुलाखत घेणारा त्यावर जास्त वेळ बोलेल, कारण त्यातल्या प्रत्येक आकड्यामागचे कारण या मुलाला सांगता येते.

काहीच हाताशी नसेल तर पतसंस्थेचा वार्षिक अहवाल घ्यावा. 30 सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेआधी तो सभासदांना मिळतो आणि बहुतेक घरांत कपाटावर पडून राहतो. पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून ठेवी, कर्जे, थकबाकी आणि राखीव निधी कसे बदलले आणि ऑडिटचा वर्ग कोणता मिळाला हे दोन पानांत लिहावे. जळगाव जिल्ह्याने पतसंस्था बुडताना पाहिल्या आहेत, ठेवीसाठी म्हाताऱ्यांना हेलपाटे घालताना पाहिले आहे. इथल्या विद्यार्थ्याने हा अभ्यास केला तर तो मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा खोलवर जाऊ शकतो, असे मला मनापासून वाटते.

अमळनेरचे उदाहरण तर हातचे सोडू नये. विप्रोची सुरुवात तिथे 1945 मध्ये वनस्पती तुपापासून झाली, आणि गावातल्या कितीतरी घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. 2004 च्या बोनसच्या आधी एखाद्याकडे 100 शेअर असतील, तर ते आज किती? 2004 मध्ये एकास दोन, 2005 मध्ये एकास एक, 2010 मध्ये तिनास दोन, 2017 मध्ये एकास एक, 2019 मध्ये तिनास एक आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा एकास एक. अपूर्णांक सोडले तर 5,332. मधे 2013 मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचा धंदा वेगळी कंपनी म्हणून निघाला आणि भागधारकांना पर्याय दिले गेले, ते धरायचे तर गणित आणखी अवघड होते. ज्याने हे स्वतः सोडवले आणि लाभांशासह परतावा काढला, त्याला शेअर बाजार कळतो की नाही हे त्याच्या मार्कशीटला विचारायची गरज उरत नाही.

आता लिहिण्याविषयी. टक्के लिहावेत, स्पष्ट लिहावेत. ते गाळले तर वाचणारा ते याहूनही कमी असतील असे धरतो, आणि पैशांच्या धंद्यात लपवाछपवीचा संशय कमी टक्क्यांपेक्षा जास्त महाग पडतो. एकूण बावन्न असून अकाउंटन्सी किंवा कॉस्टिंगमध्ये सत्तर असतील, तर ते विषय आणि गुण शेजारी द्यावेत. कमी गुणांची कारणे तिथे देऊ नयेत. कापूस वेचणीचे दिवस आणि सेमिस्टर परीक्षा एकत्र येतात हे खरे आहे, पण ते विचारले तर मुलाखतीत एका वाक्यात सांगावे. ‘अकाउंटिंगचे ज्ञान’ असे मोघम न लिहिता काय केले, किती महिने केले आणि त्यातून कोणती चूक सापडली ते लिहावे. दुकानमालकाचे किंवा क्लायंटचे आकडे मात्र चुकूनही देऊ नयेत; गुप्तता पाळता येते हे त्यातूनच दिसते. भाषांत अहिराणी किंवा लेवा गणबोली जरूर लिहावी. साक्री-शिरपूरच्या खेड्यात कर्जदाराच्या ओट्यावर बसून चौकशी करणारा माणूस बँकेला आणि फायनान्स कंपनीला हवाच असतो.

आणि असा बायोडाटा आधी कोणाकडे न्यायचा, तर जिथे माणूस तो हातात घेऊन वाचतो तिथे : गावातला सीए, सहकारी बँकेची शाखा, पतसंस्थेचा व्यवस्थापक. सीएची आर्टिकलशिप 2023 च्या नव्या योजनेत तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, त्यामुळे या ऑफिसांत जागा पूर्वीपेक्षा लवकर रिकाम्या होतात.

कॉलेजांकडे मात्र एक मागणी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला 4 श्रेयांकांचे ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागचे प्रशिक्षण, आले आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर सहसा तारखा आणि ‘समाधानकारक’ एवढाच शेरा असतो. तिथे विद्यार्थ्याने नेमके काय केले याच्या पाच ओळी लिहून खाली काम देणाऱ्याची सही घेतली, तर कमी टक्क्यांच्या मुलाला तो कागद कुठल्याही सर्टिफिकेटापेक्षा उपयोगी पडेल. त्यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. विभागप्रमुखाने नमुना बदलला की येत्या सत्रापासून सुरू करता येते.